भीतीला खुर्ची देणारा दामुलिरा

युगांडातल्या मुकोनोत येकोयाडा दामुलिराला कोणी नावाने हाक मारत नसे. जुळ्यांचा बाप म्हणून तो सालोंगो आणि त्याची बायको नालोंगो. पेशाने तो बोलणारा होता. क्वांजुलाला, म्हणजे मुलीच्या घरी रीतसर मागणी घालायला वऱ्हाड निघाले, की मुलाच्या बाजूने बोलायला त्याला नेत. क्वांजुलात मुलाने तोंड उघडायचे नसते आणि त्याच्या बापाने तर मुळीच नाही. अंगणात समोरासमोर दोन मांडव पडतात, दोन्ही मांडवांत एकेक बोलणारा पांढऱ्या पायघोळ कांझूवर कोट चढवून मायक घेऊन उभा राहतो, आणि बाकीची मंडळी सोडा पीत ऐकतात. मुलीकडचा विचारतो, "तुम्ही कोण? वाट चुकलात का?" मुलाकडचा म्हणतो, "वाट चुकलो नाही, तुमच्या घरात जन्म घ्यायला आलो आहोत." मग दुपार कलेपर्यंत टोमणे, कोपरखळ्या, चुकीच्या उत्तराला दंड. सरळ उत्तर कोणीच देत नाही. ते असभ्य समजले जाते.

या कामात दामुलिराचा हात धरणारा कोणी नव्हता. मुलाला तो सकाळी गाडीत पहिल्यांदा पाही आणि दुपारी त्याचे असे वर्णन करी, की मुलाच्या आईलाही आपण कोणाला जन्म दिला याचे नवल वाटे. त्याचे एक वाक्य तर सगळ्या बुगांडात गाजलेले होते. मुलीकडचा विचारी, "आणि हाताचं काय? हात कसा आहे मुलाचा?" दामुलिरा थोडे थांबे, मांडवावरून नजर फिरवी आणि म्हणे, "त्याचा हात फक्त केळी लावायला उठतो." लोक या वाक्याची वाट पाहत. ते झाले की टाळ्या होत, आणि बायका जीभ हलवून लांबलचक किलकारी मारत.

मित्याना गावच्या एका क्वांजुलात त्याने हे वाक्य म्हटले, लोक हसले, आणि दामुलिराची वाचा बसली. पुढचे वाक्य येईना. छातीत ढोल वाजू लागला, बोटांना मुंग्या आल्या, तोंडाला कोरड पडली. समोरचा मांडव लांब लांब जाऊ लागला. आपण आत्ता इथे, या परक्या लोकांच्या सोड्याच्या बाटल्यांमध्ये मरणार, अशी त्याची खात्री झाली. मुलीकडचा बोलणारा मुत्याबा त्याचा जुना प्रतिस्पर्धी होता. त्याने बराच वेळ वाट पाहिली आणि मग मौनाबद्दल वऱ्हाडाला दंड ठोकला. मौनाचा दंड त्याआधी कोणी ऐकला नव्हता. पण वऱ्हाडाने भरला, कारण सगळ्यांना वाटले की ही दामुलिराची नवी युक्ती आहे. परतीच्या गाडीत मुलाचा बाप म्हणाला, "काय गप्प बसलात, सालोंगो! अंगावर काटा आला."

दामुलिराने मान हलवली. त्याला उलटी येत होती.

त्यानंतर हा प्रकार कुठेही होऊ लागला. बाजारात, चर्चमध्ये प्रार्थनेच्या अगदी शांत क्षणी, एकदा तर न्हाव्याच्या खुर्चीत अर्धे डोके भादरलेले असताना. मुकोनोच्या दवाखान्यात त्याला मलेरिया झाल्याचे सांगण्यात आले. मुकोनोच्या दवाखान्यात मोडलेला पाय घेऊन गेले तरी आधी मलेरियाच निघतो. गोळ्या संपल्या, धडधड राहिली. मग टायफॉइड निघाला. पास्टर म्हणाले की गर्वाचा आत्मा शिरला आहे, आणि डोक्यावर हात ठेवून इतक्या मोठ्याने ओरडले की दामुलिराला तिथेच झटका आला. पास्टरांनी मंडळींना सांगितले, "पाहा, आत्मा बाहेर पडताना कसा झगडतो आहे!"

थोरली बहीण स्कोलास्टिका रोज सकाळी येऊन निदान सांगे.

"तू गोत्राच्या सभेला गेला नाहीस. आजोबा रागावलेत."

"आजोबांना जाऊन तीस वर्षं झाली, अक्का."

"म्हणून काय राग उतरतो?"

शेवटी कंपालाच्या एका डॉक्टरीणबाईंनी हृदयाचे सगळे कागद पाहिले आणि म्हणाल्या, "तुमचं हृदय माझ्यापेक्षा धडधाकट आहे. हे पॅनिक अटॅक आहेत. भीतीचे झटके."

नालोंगो चिडली. "भीती? यांना? बाई, अख्खा बुगांडा यांच्या जिभेला भितो!"

"तिला तेही भीत असतील कदाचित," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी गोळ्यांबरोबर संमोहन-उपचार करणाऱ्या एका गृहस्थांचा पत्ता दिला.

एरवी दामुलिरा गेला नसता. पण डिसेंबरात लुब्वामाचा क्वांजुला ठरला होता. लुब्वामा त्याच्या मेलेल्या धाकट्या भावाचा मुलगा. दामुलिरानेच त्याला वाढवले, आणि पोरगा त्याला ताता, बाबा, असेच म्हणे. लुब्वामाचे मोबाइल दुरुस्तीचे खोके होते. मुलगी नान्तेजा ही लुवेरोच्या एका निवृत्त हेडमास्तरांची. हेडमास्तरांना हे स्थळ पसंत नव्हते. नाही म्हणायला एखादे चांगले कारण मिळाले तर त्यांना हवेच होते, आणि त्यांनी मुद्दाम मुत्याबाला आपल्या बाजूने बोलायला ठरवले होते. लुब्वामाच्या बाजूने दामुलिराशिवाय दुसरे कोण बोलणार? पोटच्या पोरासारखा पोरगा आणि बोलायला भाड्याचा माणूस, ही नाचक्की कोण सोसेल? आणि दामुलिरा उभा राहून पुन्हा मुका झाला, तर हेडमास्तर वऱ्हाडाला फाटकातून परत पाठवणार, हेही सर्वांना ठाऊक होते. सर्वांना म्हणजे दामुलिराला. बाकीच्यांना अजून वाटत होते की मित्यानाला त्याने कमालच केली.

संमोहनवाल्यांचे नाव फेस्टो कावुकी. इंग्लंडात शिकून आलेले, तरुण, अतिशय स्वच्छ. त्यांची खोली गाद्यांच्या दुकानावर होती. आजारी माणसाला एकट्याला पाठवण्याची रीत नाही, म्हणून बरोबर नालोंगो आली, आणि नालोंगोला एकटीला कसे जाऊ द्यायचे म्हणून स्कोलास्टिका. दोघी भिंतीलगतच्या बाकावर बसल्या. नालोंगोच्या मांडीवर डबा होता, शिजवलेल्या केळ्यांचा.

कावुकींनी दामुलिराला मागे कलणाऱ्या खुर्चीत बसवले. इंग्लंडहून आणलेले समुद्राच्या लाटांचे आवाज लावले आणि ते मऊ आवाजात म्हणाले, "डोळे मिटा. तुम्ही समुद्रकिनारी आहात."

"साहेब, समुद्र आम्ही पाहिलेला नाही," दामुलिरा अदबीने म्हणाला. "पण आपण दाखवलात, आम्ही आभारी आहोत."

"बरं. मग आपलं सरोवर घ्या. संथ पाणी—"

"सरोवर नको हो," नालोंगो बाकावरून म्हणाली. "यांचे मामा त्यातच बुडाले."

"मग एक बाग," कावुकी म्हणाले. त्यांचा आवाज थोडा कमी मऊ झाला होता. "केळीची. गार सावली. तुम्ही एकटेच चालत आहात."

"कोणाची बाग?" स्कोलास्टिकाने विचारले.

"कोणाचीही नाही, आई."

"कोणाचीच नाही अशी बाग मुकोनोत नाही. आमच्या हद्दीवरून तर कोर्टात चालू आहे."

कावुकींनी बाग सोडली आणि ते पापण्यांकडे वळले. पापण्या जड होत आहेत, खांदे सैल पडत आहेत, श्वास खोल आणि सावकाश चालला आहे. त्यांचा आवाज खरोखर फार चांगला होता. थोड्याच वेळात खोलीत घोरणे ऐकू आले. दामुलिराने डोळे उघडले. स्कोलास्टिका भिंतीला डोके टेकून गाढ झोपली होती आणि नालोंगोचा डबा मांडीवरून घसरू लागला होता. त्याने उठून तो सावरला.

"तुम्ही का उठलात?" कावुकी कुजबुजले.

"अक्काला घोरताना जाग आली तर ती चिडते, साहेब. आम्हाला लक्ष ठेवावं लागतं."

जिने उतरताना स्कोलास्टिका म्हणाली, "चांगला माणूस आहे. माझी कंबर मोकळी झाली."

पुढच्या खेपेला कावुकींनी दोघींना बाहेर बसवले. स्कोलास्टिकाने हा आपला अपमान मानला, खुर्ची दाराला अगदी चिकटवून बसली आणि कान लावला. आत कावुकींनी साधा प्रश्न विचारला. झटका येतो तेव्हा काय होते?

दामुलिरा खुर्चीत सावरून बसला. "साहेब, प्रथम आमच्या वडीलधाऱ्यांच्या वतीने आपल्याला नमस्कार. आम्ही लांबून आलो. वाटेत खड्डे होते, पण आपल्या दाराचा विचार मनात होता, म्हणून—"

"दामुलिरा, इथे तुम्ही एकटे आहात. मला फक्त तुमच्याबद्दल सांगा."

"आपली आज्ञा. तर आमच्या पक्षाच्या छातीत जरा धडधड आहे."

"पक्ष नाही. तुमच्या."

दामुलिरा गोंधळला. त्याने प्रामाणिकपणे प्रयत्न केला, तोंड उघडले, पण काही बाहेर आले नाही. वीस वर्षे तो दुसऱ्याच्या वतीने बोलत आला होता. लोकांची मुले, लोकांच्या मुली, लोकांची मयते. स्वतःच्या वतीने त्याने नालोंगोलाही मागणी घातली नव्हती. तिथेही त्याचा एक बोलणारा होता, आणि तो वाईट होता.

कावुकी सरळ मनाचे होते. फी घेतली आहे आणि गुण येत नाही, याचे त्यांना वाईट वाटत होते. त्यांनी लाटा बंद केल्या. मग खुंटीवरचा कोट चढवला, आपली खुर्ची दामुलिराच्या अगदी समोर ओढली, घसा खाकरला आणि एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाले,

"पाहुणे मंडळी! आमच्या दारात गर्दी दिसते. वाट चुकलात का?"

दामुलिराची पाठ ताठ झाली. डोळे अर्धवट मिटले. श्वास पोटापर्यंत खाली गेला आणि तिथेच राहिला. खांदे खाली आले. कावुकी पाहत राहिले. लाटा, सरोवर आणि बाग यांनी जे झाले नव्हते ते एका प्रश्नाने झाले होते. हा माणूस गेली वीस वर्षे दर शनिवारी मांडवात उभा राहून तंद्रीत जातच होता. फक्त तिला संमोहन म्हणतात हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

"वाट चुकलो नाही," दामुलिरा संथपणे म्हणाला. "आमचा एक माणूस हरवला आहे. तो शोधत आलो."

"त्याचं नाव?"

"येकोयाडा. बोलायचा बरं. मित्यानाला गेला तो परत आला नाही."

"आम्ही कसं ओळखायचं त्याला? तिथे काय घडलं, ते सांगितल्याशिवाय फाटक उघडणार नाही."

मग दामुलिराने सांगितले. काही वर्षांपूर्वी येकोयाडाने नालुबेगा नावाच्या मुलीच्या क्वांजुलात एका मुलाबद्दल म्हटले होते, की याचा हात फक्त केळी लावायला उठतो. मुलगा त्याने सकाळी गाडीत पाहिला होता. त्या हाताने पुढे नालुबेगाचे कोपर मोडले. ते वाकडेच जुळले. ती माहेरी परत आली. मित्यानाच्या मांडवात ती मुलीकडच्या बायकांत बशी धरून बसली होती, वाकड्या कोपराने. येकोयाडाने ते वाक्य म्हटले तेव्हा सगळे हसले. तीही हसली. सगळ्यांपेक्षा मोठ्याने, आणि त्याच्याकडे बघून.

"आणि तेव्हापासून?"

"तेव्हापासून मायक दिसला की त्याला ते हसणं ऐकू येतं, साहेब. आता घरच्याच मुलाचा क्वांजुला आहे. तिथेही लोक तेच वाक्य मागणार."

मित्यानाला मौनाबद्दल पडलेल्या दंडाचेही कावुकींनी ऐकले होते. गप्प राहिल्याबद्दल दंड होऊ शकतो हे त्यांना आठवले असावे, कारण ते लगेच पुढे बोलू लागले. "ऐका. धडधड येईल. ती पाहुणी आहे, बोलावलं नसताना येणारी. तुम्ही आजवर तिच्या तोंडावर फाटक लावत होता, म्हणून ती धक्के मारत होती. आता फाटक उघडा. तिला मांडवात घ्या, खुर्ची द्या, सोडा द्या. कुठून आलात, विचारा. ती बसेल. तिला घाई नाही, तुम्हालाही नाही. श्वास सावकाश बाहेर सोडा, पाहुण्यांना वाट करून देतो तसा. ती तुमच्या शेजारी बसून राहील आणि तुम्ही बोलत राहाल. फक्त एक करायचं. मायक तिच्या हातात द्यायचा नाही."

"मायक द्यायचा नाही," दामुलिरा झोपेतल्यासारखे म्हणाला.

"पाहुणी स्वीकारली का?"

"स्वीकारली."

दाराबाहेर स्कोलास्टिकाला एवढे एकच वाक्य स्पष्ट ऐकू आले. कोणाचे काय स्वीकारले हे तिला कळले नाही, पण वयाच्या सवयीने तिने जागच्या जागी खणखणीत किलकारी मारली. खालून गाद्यांचा दुकानदार धावत वर आला आणि मुलगा झाला की मुलगी, असे विचारू लागला.

त्यानंतर दामुलिरा दर आठवड्याला जात राहिला. कावुकींनी आपल्या आवाजात दोन मांडवांचे ते बोलणे फोनवर भरून दिले होते. दामुलिरा दुपारी केळीच्या बागेत पालथ्या टोपलीवर बसून ते ऐके. झटके थांबले नाहीत. न्हाव्याकडे झटका आला तेव्हा त्याने मनातल्या मनात खुर्ची पुढे केली. धडधड बसली, थोडी कुरकुरली, आणि डोक्याचे दुसरे अर्धे भादरून होईपर्यंत निघून गेली. न्हाव्याला काही कळले नाही. पण चर्चमध्ये तिने मायक हिसकावला आणि दामुलिरा भर प्रार्थनेत उठून बाहेर पळाला. कावुकी म्हणाले, असे होते. नालोंगो म्हणाली, फी परत मागा.

कावुकींनी आणखी एक सांगितले होते आणि ते त्याने बरेच दिवस टाळले. शेवटी तो साखर आणि साबणाच्या वड्या घेऊन नालुबेगाच्या माहेरी गेला. ती अंगणात शेंगदाणे वाळत घालत होती. रीत म्हणून तिने गुडघे टेकून नमस्कार केला. बरोबर आणलेले क्षमेचे भाषण त्याने सुरू केले. ते वडीलधाऱ्यांच्या वतीने होते.

तिने ते थोडे ऐकले. मग म्हणाली, "सालोंगो, वाक्य छान आहे तुमचं. मी हसले ते म्हणूनच. माझ्या क्वांजुलात मलाही आवडलं होतं. फक्त माणूस बघून वापरत जा."

"मी... " दामुलिरा म्हणाला. "मी बघितलाच नव्हता."

"ते दिसलंच पुढे." तिने हाताने शेंगदाणे पसरले. "साबण चांगला आणलात."

एवढेच. तिने त्याला माफ केले की नाही, हे त्याला शेवटपर्यंत नीट कळले नाही. घरी येताना त्याला झटका आला नाही, लाज मात्र वाटत राहिली. ती धडधडीपेक्षा बरी होती, निदान तिचे कारण ठाऊक होते.

लुवेरोला हेडमास्तरांच्या अंगणात दोन मांडव पडले होते. वऱ्हाड वेळेवर पोचले, म्हणून मुत्याबाने घाईबद्दल दंड लावला. दामुलिराने तो हसून भरला. "जन्म घ्यायला आलेल्याला घाई असतेच." लोक सुखावले. मग मुलीकडच्या पोरी गुडघ्यांवर नमस्कार करायला आल्या, मग आत्या आल्या, टोमणे रंगले. हेडमास्तर पुढच्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. एखाद्या उत्तरपत्रिकेत नापास करायला कुठे गुण कापता येईल ते शोधत असावेत असा त्यांचा चेहरा होता. लुब्वामा मागच्या रांगेत घामाने भिजलेला होता.

मुत्याबा मुलाच्या गुणांवर आला. त्याने मांडवाकडे पाहून डोळा मारला. "आणि हाताचं काय, सालोंगो? सांगा, सांगा. याच्यासाठी तर लोक लांबून आलेत!"

दोन्ही मांडव पुढे झुकले. कोणीतरी ते वाक्य आधीच ओठांत म्हणू लागले.

आणि ती आली. छातीत ढोल, बोटांत मुंग्या, अंगण लांब लांब. दामुलिराने श्वास सावकाश बाहेर सोडला. या, बसा. लांबून आलात. त्याच्या डाव्या हाताला एक रिकामी प्लास्टिकची खुर्ची होती. ती त्याने खरोखरच थोडी पुढे सरकवली, आणि लोकांना वाटले की थोर कोणी येणार आहे. सगळे फाटकाकडे पाहू लागले. मायक त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. धडधड बसली. गेली नाही, पण बसली.

"हाताचं विचारलंत," तो म्हणाला. आवाज घोगरा होता. "आजवर मी पुष्कळ हातांबद्दल बोललो. ते हात मी पाहिलेले नव्हते. हा पाहिला आहे."

मुत्याबाचा डोळा अजून मारलेलाच होता.

"या हाताला कुदळ जमत नाही. घेवडा शिजवायला ठेवतो आणि करपवतो. हा उशिरापर्यंत झोपतो. ढग गडगडले की पलंगाखाली जातो, आजही. मागे याने कोंबड्या पाळल्या, विकायला म्हणून. सगळ्यांना नावं ठेवली. मग विकेना. सगळ्या म्हाताऱ्या होऊन मेल्या आणि याने त्यांना पुरलं. धंदा बुडाला." वऱ्हाडात कोणीतरी कण्हले. बहुधा लुब्वामाच. "मी याला लहानाचा मोठा केला. माझ्या घरात याने मांजरावरही हात उगारला नाही. उद्या उगारलाच, तर मला बोलवा. मी हाच मायक घेऊन याच मांडवात येईन आणि तुमच्या बाजूने उभा राहून याच्याविरुद्ध बोलेन. पैसे न घेता."

मुत्याबाने तोंड उघडले. टोमण्याला टोमणा त्याच्याकडे नेहमी तयार असे, पण खऱ्या बोलण्याला काय उत्तर द्यायचे याची पद्धतच नव्हती. शेवटी त्याने वऱ्हाडाला आपल्याच मालाची निंदा केल्याबद्दल दंड ठोकला, पण आवाजात जोर नव्हता.

हेडमास्तर उठले. मुलीच्या बापाने उठायचे नसते, पण ते हेडमास्तर होते. "नान्तेजा," ते म्हणाले, "ही माणसं तुझ्या ओळखीची आहेत का? परत पाठवू?"

नान्तेजा गुडघ्यांवर होती. तिने वर पाहिले. "ओळखीची आहेत. कोंबड्यांचं खरं आहे, बाबा. शेवटच्या कोंबडीला पुरायला मी गेले होते. तिचं नाव राणीसाहेबांसारखं काहीतरी लांबलचक होतं, इतक्या लहान कोंबडीला."

"गुण तर एकही सांगितला नाही त्यांनी," हेडमास्तर पुटपुटले.

"नाही कसा? खरं बोलले ना!" मुलीची आत्या मागून म्हणाली. "तुमच्या वेळी तुम्ही घोरता हे कोणी सांगितलं असतं, तर वहिनीने दुसऱ्या खोलीची अट घातली असती. बसा खाली."

हेडमास्तर बसले. संबंध पक्का झाल्याच्या कॉफीच्या बिया फिरल्या, दोन्ही बाजूंनी चघळल्या, आणि स्कोलास्टिकाने या वेळी योग्य ठिकाणी किलकारी मारली.

दामुलिराला वाटले, आता आपल्याला कोणी बोलावणार नाही. झाले उलटेच. जानेवारीपर्यंत मुकोनो ते मसाका सगळीकडे बोलणारे मुलांचे दोष सांगू लागले. गुण सांगणे जुनाट ठरले. आया मुलांचे दोष गोळा करू लागल्या आणि शेजारणीकडे चांगला दोष निघाला तर मागून आणू लागल्या. मुत्याबाने तीन वेगवेगळ्या मुलांना गडगडाटाची भीती वाटते असे सांगितले आणि तिन्ही वेळा बायका रडल्या. कावुकींकडेही गर्दी वाढली. त्यांनी इंग्लंडच्या लाटा कायमच्या बंद केल्या. टॅक्सीवाल्याला ते आता टॅक्सीस्टँडवर झोपवत आणि शिंपिणीला मशीनपुढे.

एके दिवशी एक सिमेंटवाला मोठ्या गाडीतून आला.

"सालोंगो, माझ्या मुलाचा क्वांजुला. ते दोषांचं करा. दोन-चार गोड दोष. कुत्र्यावर जीव आहे वगैरे."

"कुत्रा आहे का?"

"घेऊ की!"

दामुलिराच्या छातीत धडधडले. त्याने तिला बसू दिले. "आधी मुलगा दाखवा. आठवडाभर माझ्या बागेत कामाला पाठवा. मग मी बोलेन."

"अहो, तो दुबईत आहे!"

"मग मी दुबईला जाऊन बघून येतो. तिकीट काढा."

सिमेंटवाला मुत्याबाकडे गेला. नालोंगोने दिवसभर भांडी आपटली. "बोलणाऱ्याने बोलायचं सोडून बघत बसायचं म्हटलं, तर खायचं काय? केळी?"

"केळी आहेत," दामुलिरा म्हणाला.

काही आठवड्यांनी, धुके असतानाच, फाटकाशी एक तरुण उभा दिसला. नवे कोरे बूट, नवी कोरी कुदळ. तो म्हणाला, मी दुबईवाला. वडिलांनी मुत्याबांना ठरवलं आहे. पण मुलगी म्हणते, दामुलिरा बोलणार असतील तरच मी मांडवात येईन. तिच्या आईच्या क्वांजुलात बोलणाऱ्याचं बोलणं खोटं निघालं होतं.

दामुलिराने त्याला केळीत नेले. ऊन वर आले तेव्हा स्कोलास्टिका काठी टेकत आली आणि बांधावर उभी राहून बराच वेळ पाहत राहिली. मुलाने कुदळ उचलली, स्वतःच्या बुटावर मारली आणि हळूच इकडेतिकडे पाहिले.

"अरे, याला कुदळ धरता येत नाही!" ती ओरडली. "आणि बघ, चोरून बघतो कोणी पाहिलं का ते!"

"पाहिलं मी," दामुलिरा म्हणाला. तो पालथ्या टोपलीवर बसला होता. "हे सांगता येईल."